आईच्या स्मरण-उपासनेची तयारी: जीवनवृत्त, पत्रिका, तिचं बायबल आणि कबरीची पाटी (नाशिक)

शरणपूर_रोड

आई जुलै २०२५ मध्ये प्रभुवासी झाली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चर्चमध्ये (सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्मरण-उपासना ठरली आहे. जाणकारांनी चार गोष्टींवर सांगावं.

१) जन्मसाल. तिच्या बायबलच्या पहिल्या पानावर १४ नोव्हेंबर १९३२ आहे, शाळेच्या दाखल्यावर १ जून १९३४. उपासनेच्या छापील पत्रिकेवर आणि कबरीच्या दगडावर कोणतं घालायचं? माहेर नगर जिल्ह्यातलं, बाप्तिस्मा तिकडचाच. लग्न नाशिकला, १९५३.

२) जीवनवृत्त किती मोठं असावं, कोणी वाचावं? आम्ही चार भावंडं, चौघांनाही बोलायचं आहे.

३) बायबल फार जीर्ण झालंय. समासात पेन्सिलीनं तारखा, आत चिठ्ठ्या, वाळलेली फुलं. त्या दिवशी समोर ठेवायचं आहे आणि नंतर जपायचंही आहे. एकानं लॅमिनेशन सुचवलं.

४) कबरीवर ग्रॅनाइट बसवायचं आहे. कारागीर म्हणतो उपासनेच्या आत करून देतो.

---

दप्तरी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. १ जून ही तारीख दिसली की लगेच शंका घ्यायची. महाराष्ट्रात त्या पिढीच्या हजारो दाखल्यांवर १ जूनच आहे, कारण शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं आणि पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी ती घालून मोकळे व्हायचे. सालही अंदाजाचं. पण म्हणून बायबलवरची तारीख आपोआप खरी ठरत नाही. ती कोणी लिहिली, कोणत्या शाईत, नंतर आठवून लिहिली का, हे बघा. निकाल बाप्तिस्म्याच्या रजिस्टरवरच लागतो. त्यात बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्मतारीख असे दोन वेगळे रकाने असतात, आणि लोक घाईत पहिल्या रकान्यातली तारीख जन्माची म्हणून उतरवतात. जन्माचा रकाना कोरा असला तरी काम होतं: तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा १९३३ च्या आरंभी नोंदलेला असेल तर १९३४ चा जन्म शक्यच नाही.

रजिस्टर शोधताना "सीएनआय" हे नाव डोक्यातून काढा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात. त्याआधी नगर जिल्ह्यात प्रामुख्यानं अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या होत्या, आणि १९२४ नंतर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया हे नावही लागलं. रजिस्टरच्या कव्हरवर यांतलं काहीही असू शकतं. नाशिकची परंपरा वेगळी. शरणपूर हे चर्च मिशनरी सोसायटीनं १८५० च्या दशकात वसवलेलं, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं). मिशन मंडळीत वाढलेली मुलगी लग्न करून अँग्लिकन घरात आली की तिचं बिशपच्या हातून दृढीकरण (बाप्तिस्म्याच्या वचनाची पुष्टी करण्याचा विधी) व्हायचं, त्याशिवाय प्रभुभोजन घेता येत नसे. तेव्हा १९५३ च्या आसपासचं दृढीकरणाचं रजिस्टरही नाशिकला चाळा.

लग्नाची नोंद १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे केलेली असते: वय, वडिलांचं नाव, राहण्याचं ठिकाण, आणि वधूची सही. त्या पानाचा फोटो पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) परवानगीनं जरूर घ्या. विशीतल्या आईची सही पत्रिकेवर छापायला याहून चांगली वस्तू मिळणार नाही.

१९३२ पक्कं झालं तर वयाचा हिशेब जपून करा. जुलै २०२५ ला ९२ पूर्ण, ९३ वं चालू. "वयाच्या ९३ व्या वर्षी" बरोबर, "९३ वर्षांचं आयुष्य" चूक. दगडावर वय घालूच नका, दोन तारखा पुरतात.

एक जास्तीचं: इंग्लंड-अमेरिकेतल्या मिशनच्या दप्तरखान्यांना लिहीत बसू नका. तिथं मुख्यतः मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार आणि अहवाल आहेत. गावच्या बाप्तिस्म्यांची रजिस्टरं गावच्या चर्चच्या कपाटातच असतात, वाळवीनं ठेवली असतील तर.

---

वाचनपीठ

चौघांनी बोलू नका. चार जण बोलले की "आई फार प्रार्थनाशील होती" हे वाक्य चार वेळा येतं आणि वीस मिनिटं जातात. एकच मजकूर चौघांनी मिळून तयार करा, वाचणारा एक. मराठी मजकूर सावकाश, माइकवर, थांबत वाचला तर मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्द होतात. पाच मिनिटं धरा, म्हणजे पाचशे शब्द. बाकी तिघांना शास्त्रपाठ, प्रार्थना आणि आभार वाटून द्या. वाचणाऱ्याचा कंठ दाटला तर त्याच ओळीपासून पुढचं उचलायला दुसरा माणूस तीच प्रत हातात घेऊन पहिल्या बाकावर बसवा. प्रत १६ पॉइंटमध्ये, एका बाजूला छापलेली, पान उलटताना वाक्य तुटणार नाही अशी. मोबाइलवरून वाचू नये. स्क्रीन नेमकी नको तिथं काळी होते.

मजकुरात विशेषणं कमी करा. "प्रार्थनाशील" खोडून तिथं ती किती वाजता उठायची, कुठं बसायची, कोणासाठी क्रमानं मागायची, ते लिहा. "सेवाभावी" खोडून महिला मंडळाच्या हिशेबवहीत तिच्या अक्षरातली वर्षं कोणती, संडे स्कूलचा कोणता वर्ग किती साल तिच्याकडे होता, ते. हे आठवणीवर सोडू नका. मंडळाची हजेरीवही, इतिवृत्त आणि दोन-तीन वयस्क बायका, एवढ्यावर एका दुपारी काम होतं. विचारताना "आई कशी होती हो?" असं विचारलंत तर "देवमाणूस" एवढंच उत्तर येईल. "पाळक गावाला गेले की प्रार्थना कोण चालवायचं?" असं विचारा.

नेहमी बिघडतं ते इथं: शेवटचं आजारपण अर्ध्या मजकुरावर पसरतं (एक वाक्य पुरे), नातवंडांच्या नोकऱ्या आणि देश येतात (ते पत्रिकेच्या मागच्या पानावर), आणि सुनांची नावं राहतात. जिनं शेवटची वर्षं अंथरुणाशी काढली तिचं नाव मजकुरात आलंच पाहिजे. ते राहिलं तर बाकी सगळं नीट होऊनही घरात वर्षभर पुरेल एवढी धुसफूस होते.

समासातल्या तारखा हे खरं सोनं. स्तोत्र १२१ शेजारी तारखा असतील तर बहुतेक कोणी तरी प्रवासाला निघालेलं असतं, ते प्रवासाचंच स्तोत्र. स्तोत्र ९१ शेजारच्या तारखा आजारपणाशी ताडून बघा. दहा तारखांपैकी तीन-चार जरी उलगडल्या तरी जीवनवृत्ताचा कणा तयार होतो. मात्र चिठ्ठ्यांतल्या प्रार्थना-याद्या चर्चमध्ये वाचू नका. त्यात दुसऱ्यांच्या घरची भांडणं, दारू, न ठरलेली लग्नं असतात. तिनं त्या देवाला सांगितल्या होत्या.

---

पेटीच्या_मागे

उपासनेचा क्रम पाळकांशी आधी ठरवा, पत्रिका नंतर. उलटं केलं की छापलेलं एक आणि चालतं दुसरंच. साधारण क्रम: आरंभवचन, गीत, प्रार्थना, जुन्या करारातला पाठ, गीत, नव्या करारातला पाठ, जीवनवृत्त, गीत, संदेश, आभाराची प्रार्थना, आभारप्रदर्शन, शेवटचं गीत, आशीर्वाद. सव्वा तासात बसतं. आईसाठी नीतिसूत्रे ३१:१०-३१ सगळेच घेतात. त्याऐवजी किंवा त्याच्याबरोबर २ तीमथ्य १:५ बघा. आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाचा तिथं नावानिशी उल्लेख आहे, आणि पाठ एका वाक्याचा आहे.

गीतं तीनच घ्या, चौथं कडवी कमी करून. ना. वा. टिळकांची भजनं घेत असाल (आईच्या वयाच्या मंडळींना ती पाठ असतात) तर छापायला परवानगीचा प्रश्न नाही. टिळक १९१९ ला गेले, कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. नव्या गीतांबद्दल मात्र विचारून घ्या. "उपासना संगीत" या गीतपुस्तकातला नुसता क्रमांक छापू नका. घरातली जुनी प्रत आणि चर्चमधली प्रत ताडून बघा आणि शब्द पूर्ण छापा. नाशिकला अशा उपासनेला निम्मे लोक शेजारपाजारचे, हिंदू-मुसलमान, आईच्या कॉलनीतले असतात. त्यांच्याकडे पुस्तक नसतं, पण शब्द हातात असले की टिळकांची अभंगाच्या वळणाची भजनं ते तुमच्याआधी उचलतात. "येथे उभे राहावे" हेही ओळीच्या शेजारी छापा, म्हणजे ते इकडंतिकडं बघत बसत नाहीत.

पट्टी (सूर): पेटी वाजवणारे स्वतःच्या गळ्याची पट्टी धरतात आणि वरच्या ओळीला बायकांचा आवाज तरी फाटतो नाहीतर पुरुष गप्प बसतात. मिश्र मंडळीला पांढरी एक ते काळी दोन यांच्यात ठेवा, आदल्या दिवशी वरची ओळ म्हणून बघा.

पत्रिका: ए-फोर कागद मधून दुमडून चार पानं, कागद १०० ते १३० जीएसएम, गीतांचा टाइप १४ पॉइंटच्या खाली नको. खरी गोची फॉन्टची. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करणार, प्रेसवाला श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार, आणि त्या बदलात रफार, "ऱ्य" आणि जोडाक्षरापुढची ऱ्हस्व वेलांटी हलते. म्हणजे नेमका "ख्रिस्त" हाच शब्द मोडतो! "सर्व", "तुझ्या", "ऱ्या" आणि "ख्रि" एवढेच शब्द प्रूफमध्ये शोधून बघितले तरी निम्म्या चुका पकडल्या जातात. प्रूफ कागदावर मागा, व्हॉट्सअॅपवरच्या चित्रावर "ओके" म्हणू नका.

आणि पत्रिकेवर "आत्म्यास शांती लाभो" घालू नका. तुमच्या मंडळीत ही उपासना मृतासाठी विनवणी नसते, झालेल्या आयुष्याबद्दल आभार असतात. पाळक नाही म्हणणार नाहीत, पण जुनी माणसं टोकतील. "प्रभूमध्ये विसावली" किंवा "आभाराची उपासना" पुरे. फोटोला हार घालावा का, हेही पाळकांना आधी विचारा. बऱ्याच मंडळ्यांत फोटोपुढं समई-उदबत्ती चालत नाही आणि शेजारी तर हार घेऊनच येतात. त्यांना दारात अडवू नका. फोटोच्या बाजूला एक रिकामं टेबल ठेवा, हार-फुलं तिथं जातील, कोणाचा मान दुखावणार नाही.

---

हॉलीक्रॉस_जवळ

वाचणाऱ्यांत कोणी कॅथलिक असतील तर: वरचा परिच्छेद आपल्याला लागू नाही. आपल्याकडे स्मरणाचा मिस्सा (कॅथलिक उपासना) मृताच्या आत्म्यासाठीच अर्पण होतो, "चिरशांती" हाच शब्द योग्य. जीवनवृत्त प्रवचनाच्या जागी चालत नाही. ते कम्युनियननंतर (प्रभुभोजनानंतर), शेवटच्या प्रार्थनेआधी, थोडक्यात. २ नोव्हेंबरला कबरींवर आशीर्वाद असतो, दगडाचं काम त्याआधी उरकायला सगळे धावतात, म्हणून ऑक्टोबरात कारागीर मिळत नाही.

---

काळा_पाषाण

उपासनेच्या आत दगड बसवू नका. जुलैत खणलेल्या खड्ड्यात ओली माती पडली आहे. ती वर्षभर बसत राहते, आणि शवपेटीचं झाकण खचतं तेव्हा एकदम वीतभर खाली जाते. त्यात आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. आत्ता स्लॅब ओतला तर पुढच्या मे महिन्यात डोक्याकडची बाजू झुकलेली दिसेल आणि कारागीर म्हणेल "जमीनच तशी".

सध्या सागाचा किंवा बाभळीचा क्रॉस, नाव-तारखा रंगवून, आणि मातीचा उंचवटा फूटभर. माती खचली की भर घालत राहा. एक पावसाळा पूर्ण जाऊ द्या, पुढच्या दिवाळीनंतर काम काढा. तोवर दफनभूमीच्या कमिटीकडून लेखी परवानगी, मापाची मर्यादा आणि कबरीचा क्रमांक घेऊन ठेवा. काही ठिकाणी पक्क्या बांधकामाला वेगळी फी आणि उंचीचं बंधन असतं. त्याच कबरीत पुढं वडिलांना किंवा कोणाला ठेवायचं असेल तर ते आत्ताच सांगा, म्हणजे वरचा दगड उचलता येईल असा बसवतात.

पाया असा सांगा: डोक्याकडच्या उभ्या दगडाचं वजन भरावावर येता कामा नये. खड्ड्याच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना फूट-फूट जास्त लांबीची सळईची काँक्रीट तुळई, टोकं न खणलेल्या जमिनीवर टेकलेली. उभा दगड त्या तुळईत १२ मिमीच्या दोन स्टेनलेस स्टीलच्या खुंट्यांनी. साधी सळई घातली तर ती गंजून फुगते आणि दगड आतून फोडते. आडव्या भागाला चारी बाजूंनी कड आणि मध्ये माती-खडी मोकळी ठेवली तर पाणी मुरतं. पूर्ण लादी घातली तर तिला पायाकडं थोडा उतार द्या.

दगड: काळं ग्रॅनाइट टिकतं. संगमरवर नको, पावसानं पॉलिश मरतं आणि शेवाळानं काळं पडतं. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात. आपला काळा पाषाण शेकडो वर्षं उभा राहतो, काळारामाचं देऊळ बघा, पण त्यावर बारीक अक्षर काढणारा हात आता शोधावा लागतो.

अक्षरं लेझरनं नकोत, ती पॉलिशवरचा ओरखडा असतो. वाळूच्या माऱ्यानं, अडीच-तीन मिमी खोल. सोनेरी रंग दोन-तीन पावसाळ्यांत उडतो. पांढरा भरा, किंवा खोली पुरेशी असेल तर भरूच नका. अक्षराची उंची २५ मिमीपेक्षा कमी नको. या कामात दगडावर स्टिकर चिकटवून अक्षरं कापून काढतात आणि वाळू मारतात. "क", "ब", "व" यांच्या पोटातला स्टिकरचा इवलासा तुकडा वाऱ्यानं उडाला की पोट बुजतं, आणि वीस मिमीच्या खाली तो उडतोच. जाड-बारीक रेघांचा फॉन्ट टाळा, एकसारख्या जाडीचा घ्या.

---

कसर

लॅमिनेशन अजिबात नको. उष्णतेनं चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही आणि जुना कागद आतल्या आत पिवळा होऊन तुकडे पडतो. सेलोटेपही नको, काही वर्षांत टेप गळून पडते आणि तपकिरी डाग तेवढा राहतो.

आधी फोटो, मग बाकीचं. चिठ्ठी किंवा फूल काढण्यापूर्वी ते ज्या पानांत आहे त्या पानांसकट फोटो घ्या. खूण कोणत्या अध्यायात होती हीच माहिती असते, एकदा चिठ्ठ्या डब्यात गेल्या की ती संपली. पुस्तक स्कॅनरवर पालथं दाबू नका, पुठ्ठा कण्यापासून सुटतो. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून साधारण काटकोनातच उघडा आणि वरून मोबाइलनं, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. पुसट पेन्सिल दिसत नसेल तर बॅटरी पानाच्या पातळीत आडवी धरा, रेघेचा खड्डा सावलीत उठून दिसतो. फाइलला नाव देताना ग्रंथ आणि अध्याय लिहा, "आयएमजी" क्रमांक नको.

टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, गंज कागद खातो. फुलं वेगळ्या कागदाच्या पाकिटात, पाकिटावर पान लिहून. चिकटलेली पानं ओढू नका. पुस्तक धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात, आडवं. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाशिकच्या ऑगस्टमध्ये बुरशी येईल. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका. कसर थांबवायची तर कोरडी जागा आणि दोन महिन्यांतून एकदा उघडून बघणं एवढंच लागतं.

उपासनेच्या दिवशी त्याच टॉवेलच्या घडीवर पांढरं कापड घालून ठेवा. मेणबत्ती हातभर लांब, आणि ओल्या फुलांची परडी त्याच टेबलावर नको. आलेली माणसं पान उलटून बघणारच, म्हणून एका नातवाला शेजारी उभा करा.

---

शरणपूर_रोड

सगळ्यांचे आभार. माहेरच्या चर्चला फोन केला, रजिस्टर आहे, शनिवारी जातोय. कारागिराला पुढच्या वर्षीचं सांगितलं, लाकडी क्रॉस करून घेतोय. वचन तिच्याच बायबलमधून, जसंच्या तसं घ्यायचं ठरलंय:

परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला कांहीं उणें पडणार नाहीं.

क्रॉसवर आणि पुढं दगडावर असंच चालेल ना? धाकटा म्हणतो, अनुस्वार चुकीचे आहेत.

---

दप्तरी

चुकीचे नाहीत, जुने आहेत. १९६२ च्या नियमांनी उच्चारात न येणारे अनुस्वार गेले, तिचं बायबल त्याआधीच्या लेखनातलं आहे. "मेंढपाळ"मधला उच्चारातला आहे, तो दोन्ही पद्धतींत राहणारच. "कांहीं"तले दोन, "उणें"तला एक, "नाहीं"तला एक, हे चार ठेवायचे तर चारही ठेवा. कारागीर त्यातला एखादा ठिपका डाग समजून गाळतो आणि मग मात्र ती खरंच चूक होते. आणि मग खाली नाव-तारखांच्या ओळीत "मध्यें", "रोजीं" असं जुनं वळण आणू नका, ती ओळ तुमची आहे.

---

काळा_पाषाण

ठेवणार असाल तर कागदावर त्या चार ठिपक्यांभोवती लाल गोल करून द्या. ठिपका ४ मिमी व्यासाचा आणि वेलांटी-मात्रेपासून सुटा सांगा. जवळ आला की मधली पातळ भिंत वाळूच्या माऱ्यात तुटते आणि "हीं"ची वेलांटी नि ठिपका एकच खड्डा होऊन बसतो.